पेटीतल्या बाळाची लाळ घेताना

काचेच्या पेटीत (इनक्युबेटरमध्ये) ठेवलेल्या किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त सगळं मिळून ९० मिलीच्या आसपास. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल (ताण झेलायला लागणारं संप्रेरक) नीट बनवतात का, हे बघायला एसीटीएचचं, म्हणजे या ग्रंथींना चालना देणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन देतात आणि त्याआधी, मग ३० आणि ६० मिनिटांनी रक्त काढतात. त्या एवढ्याशा टाचा पिळताना माझा अजूनही जीव वर-खाली होतो. कॉर्टिसोल लाळेतही उतरतं, तेसुद्धा प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं. म्हणून डॉक्टर ‘लाळ घ्या’ म्हणाले की मला बरं वाटतं.

आधी लॅबला फोन करा. लाळ किती हवी, स्वॅब (लाळ टिपायचा बोळा) कुठला, हे त्यांनाच विचारा. साधा कापूस नको, तो लाळ पिऊन बसतो आणि आकडाही बिघडवतो. लाळ सुटावी म्हणून लिंबू-बिंबू तर मुळीच नको.

टोचणं, सक्शन (नळीनं नाक-तोंड साफ करणं), दुपटं बदलणं सगळं नंतर. बाळ रडलं की कॉर्टिसोल चढतं.

दुधाची गोष्ट माझ्या अंगाशी आलेली. बाळाला दूध नळीनं, म्हणजे तोंड कोरडंच, असं मी धरून चालले. रिपोर्ट भलताच जास्त आला. मग कळलं, आधीच्या ड्युटीतल्या सिस्टरनं गालांना आतून आईचा चीक लावला होता. आईच्या दुधातही कॉर्टिसोल असतं! आता मी विचारते, आणि चीक लावून तास झाल्याशिवाय हात लावत नाही. तोंडात रक्ताचा अंश दिसला तरी थांबते.

स्वॅब बारीक, लांब दांडीचा. गाल आणि हिरडीच्या फटीत टेकवून ठेवायचा, घासायचा नाही, दुसरं टोक बोटांतून सोडायचं नाही. नजर मॉनिटरवर. सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) घसरलं की काढा, बाळाला सावरू द्या, मग पुन्हा. पाच-दहा मिनिटं सहज जातात. अक्कलकोटहून आलेली आजी काचेबाहेरून बघत असते, तिलाही दोन शब्द सांगा.

नमुना लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात सोलापुरातून बाहेर पाठवायचा तर बर्फाच्या डब्याशिवाय नाही.

बीपी औषधांनीही चढत नसेल, साखर पडत असेल, तर लाळेची वाट बघायची नसते, तिथे रक्तच. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषध म्हणून दिलेलं कॉर्टिसोलच, चालू असेल तर लॅब ते औषधच मोजेल. आईला प्रसूतीआधी स्टेरॉइड दिलं असेल तर फॉर्मवर लिहा. आणि लेबलवर नुसतं ‘सकाळ’ नको. या बाळांना दिवस-रात्र अजून कळत नाही, घड्याळातली वेळ मिनिटासकट लिहा.