थिअरी पाठ, पण हात बसलेला नाही: या चुका टाळा

प्रोग्रामिंगच्या इंटरव्ह्यूत नॉर्मलायझेशनच्या (डेटाबेसचे टेबल नीट वाटण्याच्या) पायऱ्या धडाधड सांगणारी मुलं खऱ्या कोडसमोर अडकतात. व्याख्या आली म्हणजे विषय आला, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत.

एका कामात ऑर्डरींची यादी दाखवायचं पान होतं. लिहिणारा मुलगा हुशार, बिग-ओ (डेटा वाढला की काम किती वाढतं याचं माप) तोंडपाठ. त्याच्या लॅपटॉपवर पान चटकन उघडायचं, कारण तिथे टेस्टपुरत्या मोजक्याच ऑर्डरी. लाइव्ह गेल्यावर तेच पान रखडायला लागलं. मग सल्ले सुरू: कॅश (एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवायची सोय) लावा, सर्व्हर मोठा घ्या. मी फक्त ओआरएमचा (कोडमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीचा) क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची नोंद, चालू केला. ऑर्डरींसाठी एक क्वेरी, आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव आणायला आणखी एक. हजार ऑर्डरी असतील तर डेटाबेसकडे हजार एक फेऱ्या! एका जॉइनने, म्हणजे दोन्ही टेबल जोडून एकाच क्वेरीत सगळं आणून, काम भागलं. याला एन प्लस वन म्हणतात, हे त्या मुलाला माहीत होतं. स्वतःच्या लूपमध्ये ते ओळखू आलं नाही. तेव्हापासून डेव्हलपमेंटमध्ये माझा क्वेरी लॉग कायम चालू असतो आणि टेस्टचा डेटाही लाइव्हच्या अंदाजाने भरलेला असतो.

दुसरं टोक म्हणजे 'चालतंय ना, मग झालं'. बायनरी सर्चमध्ये (सॉर्ट केलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधण्यात) लो आणि हाय या दोन टोकांची मधली जागा (लो + हाय) / २ अशी काढली, की सुमारे १०७ कोटींहून मोठ्या अ‍ॅरेत ३२ बिटांची बेरीज ओव्हरफ्लो होऊन (मावेनाशी होऊन) ऋण होऊ शकते. जावाच्या लायब्ररीतच ही चूक वर्षानुवर्षं होती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ते जाहीर सांगितलं. लहान अ‍ॅरेवर सगळ्या टेस्ट पास होतात, त्यामुळे इंटिजरची मर्यादा ठाऊक असलेल्यालाच शंका येते. लो + (हाय - लो) / २ लिहा. थिअरीला फालतू म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही ते यासाठीच.

पैशांची रक्कम फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांच्या अंदाजे साठवणीत) ठेवू नका. तिथे ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ भरत नाही. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांक ठेवा.

एरर आली की सर्च करण्याआधी स्टॅक ट्रेस (एरर कुठल्या ओळींतून आली ती यादी) पूर्ण वाचा.

सवलतीचे दोनच प्रकार असतील तर साधा इफ पुरतो, फॅक्टरी पॅटर्न (ऑब्जेक्ट बनवायला वेगळा कोड लिहायची पद्धत) नको.

एआयने दिलेला कोड ओळीओळीने समजावता येत नसेल, तर मी तो रिव्ह्यूतून परत पाठवतो, डेडलाइन असली तरी.

आणि नवशिक्यांनो, क्विकसॉर्टचा (क्रम लावायच्या एका पद्धतीचा) व्हिडिओ बघून झाला की लगेच पुढचा लावू नका. रिकाम्या फाइलमध्ये पहिला घटक पिव्हट (ज्याच्याशी बाकीचे ताडून दोन भाग करतात तो) धरून तो स्वतः लिहा, मग त्याला आधीच सॉर्ट झालेला मोठा अ‍ॅरे द्या आणि काय होतं ते बघा.