खान्देशच्या उन्हात टिकणारं कुंतीचं कुंपण

कंपाउंडला हिरवं कुंपण हवं म्हटलं की नर्सरीवाले आधी ड्युरंटा पुढे करतात. मी कुंती लावा म्हणेन. बारा महिने गर्द हिरवी, कापाल तशी आकारात राहणारी, आणि एखादा चांगला पाऊस झाला की आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या फुलांनी लगडणारी. नर्सरीत ती कामिनी किंवा मधुकामिनी या नावाने मिळते.

रोप घेताना पारखून घ्या, कारण लहानपणी ती कढीपत्त्यासारखी दिसते. कढीपत्त्याच्या एका देठावर दहाहून जास्त पानं असतात, कुंतीच्या बहुधा तीन ते सात. ती चकचकीत असतात, देठाकडे निमुळती. पान उन्हाकडे धरून पाहा: आत बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. त्या कढीपत्त्यातही असतात, पण कुंतीचं पान चोळलं तर फोडणीचा वास येत नाही. मोठ्या झाडावर फळं असतील तर शंकाच नको. कुंतीची पिकून शेंदरी-लाल होतात, कढीपत्त्याची काळी.

कुंती लिंबाच्या कुळातली आहे, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. लिंबाचा ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड कुंतीच्या कोवळ्या पालवीवर जोमाने वाढते. जळगाव जिल्ह्यात लिंबू-मोसंबीच्या बागा आहेत. तुमची किंवा शेजाऱ्याची बाग लागून असेल, तर तिथे कुंती लावूच नका.

लागवड मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर करा. दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं आणि कुंतीची मुळं कुजतात, म्हणून तळाशी मुरूम टाका. वर निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा. रोप पिशवीत होतं तेवढंच खोल बसवा.

पहिला उन्हाळा जपायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पारा ४४-४५ अंशांवर जातो. ठिबकची नळी टाकलीत तर उत्तम. नाहीतर एक-दोन दिवसांआड संध्याकाळी भरपूर पाणी द्या. बुंध्याभोवती केळीचा वाळलेला पाला पसरा, रावेर-यावलकडे तो फुकट मिळतो.

चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारा.

शेंडे पहिल्या वर्षापासून खुडा, म्हणजे खालून फांद्या फुटतात. पुढे फुलांचा बहर ओसरला की कात्री लावा. कळ्या दिसत असताना कापलं तर फुलं गेली. एप्रिल-मेमध्ये मात्र छाटणी नको, आतली कोवळी पानं करपतात. कापताना कुंपण तळाशी रुंद आणि वर किंचित अरुंद ठेवा. वरचा भाग फुगला की खाली ऊन पोचत नाही आणि बुंधे उघडे पडतात.