हॉकी रोमान्स: गोडी कशात आहे आणि सुरुवात कुठून करावी

हॉकी रोमान्स म्हणजे हॉकीपटूंच्या प्रेमकादंबऱ्या. या कादंबऱ्यांमधली हॉकी बर्फावरची. अमेरिका-कॅनडातली एनएचएल ही व्यावसायिक लीग किंवा अमेरिकन कॉलेजांचे संघ, एवढंच त्यांचं जग. खेळ कधी पाहिला नसला तरी अडत नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात आणि गोलकीपर धरून एका बाजूचे सहा जण बर्फावर असतात. एक खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतो, मग बाकावर येतो आणि त्याच्या जागी दुसरा उतरतो. किरकोळ चुकीला दोन मिनिटं आणि मारामारीला पाच मिनिटं बाहेर बसावं लागतं. पहिलं पुस्तक वाचायला एवढी माहिती पुरते.

मारामारीचा हा नियमच या प्रकाराच्या मुळाशी आहे. एनएचएलमध्ये दोघांनी हातमोजे टाकून ठोसे दिले तर पाच मिनिटांची शिक्षा भोगून दोघं परत खेळायला येतात. रागाला इथे जागा आहे, पण भीती किंवा माया दाखवायला ड्रेसिंगरूममध्ये फारशी सोय नाही. हजारो लोकांसमोर न डगमगणारा माणूस एका व्यक्तीला साधा मेसेज पाठवताना अडखळतो, आणि वाचकाला गुंतवतं ते हे अंतर. कॉलेजची हॉकी मात्र वेगळी. तिथे मारामारी केली की खेळाडू सामन्याबाहेर जातो, शिवाय पुढचा सामनाही हुकतो. म्हणूनच कॉलेजच्या कथेत एका ठोशाची किंमत बरीच मोठी असते. लेखकाला हा फरक माहीत असेल, तर खेळाचा अभ्यास झालाय असं खुशाल समजावं.

दुसरी ताकद वेळापत्रकाची. एनएचएलच्या हंगामात २०२५-२६ पर्यंत प्रत्येक संघाला ८२ सामने होते, त्यातले निम्मे परगावी. त्यात दुखापती आल्या, आणि ज्याच्या करारात संरक्षण नाही अशा खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहरातल्या संघाकडे पाठवता येतं. प्रेमात अडथळा आणण्यासाठी गैरसमज ओढूनताणून घडवायची गरजच उरत नाही. आणि संघ म्हटला की मित्रांचा गोतावळा आयताच मिळतो. पहिल्या पुस्तकात मागे उभा राहून चिडवणारा मित्र दुसऱ्या पुस्तकाचा नायक होतो, म्हणून या कादंबऱ्या बहुतेक वेळा मालिकेत येतात.

पुस्तक निवडताना आधी कॉलेज हवं की व्यावसायिक संघ, ते ठरवा. कॉलेजमध्ये परीक्षा, वसतिगृह, घरचं दडपण आणि पुढे काय करायचं हा प्रश्न असतो. व्यावसायिक संघात प्रसिद्धी, प्रवास आणि करार.

कॉलेज हवं असेल तर एल केनेडी यांच्या ‘द डील’पासून (२०१५) सुरुवात करावी. तत्त्वज्ञानाच्या विषयात अडकलेला कर्णधार, त्याला शिकवणारी संगीताची विद्यार्थिनी आणि मोबदल्यात प्रेमाचं नाटक, असा मामला आहे. संवाद चुरचुरीत आहेत आणि नायक-नायिकेची मैत्री आधी पक्की होते, म्हणून पुढचं प्रेम पटतं. नायिकेवर पूर्वी बलात्कार झालेला आहे आणि नायकाचे वडील हिंसक आहेत, हे मात्र आधी माहीत असू द्या. याच मालिकेत पुढे ‘द मिस्टेक’, ‘द स्कोअर’ आणि ‘द गोल’ या क्रमाने वाचा. ‘द लेगसी’त चारही जोडप्यांच्या पुढच्या गोष्टी आहेत, ते आधी उघडलं तर सगळ्यांचे शेवट फुटतात.

जास्त शांत आणि खोल काही हवं असेल तर सरीना बोवेन यांचं ‘द इयर वुई फेल डाउन’ (२०१४) घ्या. हॉकी खेळताना झालेल्या अपघातानंतर व्हीलचेअर वापरणारी नायिका आणि समोरच्या खोलीत पाय मोडून बसलेला खेळाडू. इथे खेळ दिसतो तो गमावल्याच्या दुःखातून, आणि या प्रकारात असं क्वचितच वाचायला मिळतं.

व्यावसायिक संघासाठी स्टेफनी आर्चर यांचं ‘बिहाइंड द नेट’ (२०२३) सोपं दार आहे. अबोल, तुसडा गोलकीपर आणि त्याची मदतनीस म्हणून घरी राहायला आलेली गाणारी, हसरी मुलगी. दोघांचं सूत हळूहळू जुळतं, आणि वाचताना मन हलकं राहतं.

दोन पुरुषांची प्रेमकथा हवी असेल तर रेचल रीड यांचं ‘हीटेड रायव्हलरी’ (२०१९) चुकवू नये. एक कॅनडाचा, एक रशियाचा, दोघं जगासमोर कट्टर प्रतिस्पर्धी. कथा अनेक वर्षांवर पसरलेली आहे आणि मध्ये मोठ्या उड्या घेते, त्यामुळे प्रकरणाच्या सुरुवातीच्या तारखांकडे लक्ष ठेवा, नाहीतर गोंधळ उडतो. ही ‘गेम चेंजर्स’ मालिकेतली दुसरी कादंबरी, तरी सुरुवात इथून केली तर काही बिघडत नाही. याच दोघांची पुढची गोष्ट ‘द लाँग गेम’मध्ये (२०२२) आहे. तिकडे थेट उडी मारण्याऐवजी आधी ‘रोल मॉडेल’ वाचा, कारण मधल्या काळातला नवा संघ आणि त्यातली माणसं तिथे भेटतात. २०२५मध्ये आलेली वेब सिरीज पाहून पुस्तकांकडे वळणाऱ्यांनी तर हा क्रम पाळावाच.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती मुखपृष्ठामुळे. हॅना ग्रेस यांच्या ‘आइसब्रेकर’वर (२०२२) गोड चित्र आहे, पण आत मोकळेढाकळे शृंगारप्रसंग आहेत. शिवाय फिगर स्केटिंग करणाऱ्या नायिकेच्या खाण्यावर तिचा स्केटिंगमधला जोडीदार ताबा ठेवतो, तो भाग काहींना जड जाऊ शकतो. पुस्तक प्रौढांसाठीच आहे. त्याच मालिकेतलं ‘वाइल्डफायर’ उन्हाळी शिबिरात घडतं, तिथे बर्फावरच्या सामन्यांची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. नुसत्या चित्रावरून मुलांच्या हाती यातलं काही देऊ नये. लेखकाच्या संकेतस्थळावर किंवा पुस्तकाच्या पहिल्या पानांत आशयाची सूचना असते, ती वाचा, आणि ‘स्पाइस’, म्हणजे शृंगार, किती ते वाचकांच्या अभिप्रायात तपासा. अगदी कमी शृंगार हवा असेल तर ‘क्लोज्ड डोअर’ हा शब्द घालून शोधा. वर सांगितलेल्यांपैकी एकही त्यात बसत नाही.

विकत घेण्याआधी ई-पुस्तकाचा मोफत नमुना उतरवून घ्या आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत वाचा. तोवर सराव, थकवा, दुखापत, संघातली जागा यांपैकी कशाचाच नायकाच्या दिवसावर परिणाम दिसला नाही, तर हॉकी फक्त जर्सीपुरती आहे. अशी पुस्तकं पुष्कळ आहेत, आणि वाचकाला लवकर कंटाळा येतो तो त्यांच्यामुळे. प्रकरणं दोघांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली असतील तर दोघांचे आवाज वेगळे ऐकू येतात का, हेही पाहा. नाव झाकल्यावर कोण बोलतंय ते कळेनासं झालं, तर ते पुस्तक सोडून द्या.

एकाच साच्याच्या कथा सलग वाचू नका. खोट्या प्रेमाच्या दोन कथा झाल्या की मधे वैऱ्यांची किंवा जुन्या मित्रांची गोष्ट घ्या. मैत्रीतून उमलणारं प्रेम आवडत असेल तर बोवेन आणि केनेडी यांनी मिळून लिहिलेलं ‘हिम’ (२०१५) त्यासाठी उत्तम आहे. किशोरवयात हॉकीच्या शिबिरात एकत्र राहिलेले दोन मित्र काही वर्षांनी पुन्हा भेटतात. पुढचा भाग ‘अस’ (२०१६) लगेच हाताशी ठेवा, त्यात दोघं एका घरात राहू लागल्यावर व्यावसायिक हंगाम त्यांच्या नात्याला कसा पिळून काढतो ते येतं.