ट्रिलियम स्वतःच्या सर्व्हरवर: सगळी भिस्त एका फाइलवर

ट्रिलियम या नोंदी ठेवायच्या ओपन सोर्स ॲपमधल्या तुमच्या सगळ्या नोंदी, चित्रं आणि जोडलेल्या फाइली ‘डॉक्युमेंट डॉट डीबी’ नावाच्या एकाच एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) फाइलमध्ये राहतात. म्हणून खरी काळजी घ्यायची ती या फाइलची.

सर्व्हरवर ॲप कंटेनरमध्ये (ॲपसाठीच्या वेगळ्या कप्प्यात) चालवत असाल तर तो सुरू करण्याआधीच त्याचा डेटा फोल्डर सर्व्हरच्या डिस्कवरच्या कायमच्या फोल्डरशी जोडा. हे राहिलं तर पुढच्या अपडेटला कंटेनर नव्याने बनतो आणि ॲप रिकामं उघडतं. फोल्डर स्थानिक डिस्कवरच हवा. नेटवर्क ड्राइव्हवर एसक्यूलाइटचं लॉकिंग (एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून फाइलला लागणारं कुलूप) भरवशाचं नसतं, फाइल बिघडू शकते. कंटेनर ज्यावरून बनतो त्या इमेजला ‘लेटेस्ट’ न लावता ठरावीक आवृत्ती लावा, कारण सर्व्हर आणि डेस्कटॉपची सिंक आवृत्ती जुळली नाही तर सिंक (दोन्हीकडच्या नोंदी सारख्या ठेवणं) थांबतं.

ॲप ८०८० पोर्टवर चालतं. तो बाहेर उघडा ठेवू नका, पुढे एचटीटीपीएस असलेला रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घेऊन ॲपकडे देणारा मध्यस्थ) ठेवा. तो प्रॉक्सी एनजिनएक्स असेल तर वेबसॉकेटचे (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत चालू जोडणीचे) ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हेडर पुढे पाठवा आणि अपलोडची मर्यादा वाढवा. ती मुळात १ एमबी असते, त्यामुळे मोठी फाइल जोडताना ४१३ एरर येते.

सर्वांत जास्त घोळ पहिल्या सेटअपला होतो. डेस्कटॉपवर आधीच नोंदी असतील तर सर्व्हरवर ‘नवीन डॉक्युमेंट’ निवडू नका. डेस्कटॉपवरून सिंक करायचा पर्याय घ्या आणि मग डेस्कटॉपच्या सिंक सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता भरा. दोन्हीकडे नवीन डॉक्युमेंट झालं की दोघांची ओळख वेगळी पडते आणि सिंक होतच नाही. अशा वेळी सर्व्हरवर काही लिहिलेलं नसेल तर त्याचा डेटा फोल्डर रिकामा करून पुन्हा सुरुवात करा.

ट्रिलियम रोजची, आठवड्याची आणि महिन्याची प्रत आपोआप ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये काढतं. पण त्या प्रती त्याच डिस्कवर असतात! रोज रात्री तो फोल्डर दुसऱ्या मशीनवर न्या. चालू ‘डॉक्युमेंट डॉट डीबी’ मात्र कॉपी करू नका: ताजं लिखाण शेजारच्या ‘वॉल’ फाइलमध्ये असू शकतं, आणि प्रत अर्धवट निघते.

प्रत परत बसवताना आधी सर्व्हर बंद करा. जुनी मुख्य फाइल आणि तिच्या ‘वॉल’ व ‘एसएचएम’ फाइली, तिन्ही बाजूला काढा. जुनी ‘वॉल’ मागे राहिली तर ती नव्या फाइलशी भिडते. मग बॅकअपची प्रत मूळ नावाने तिथे ठेवा आणि सर्व्हर सुरू करा. हे एकदा रिकाम्या कंटेनरवर करून बघाच.

संरक्षित नोंदी पासवर्डने एन्क्रिप्ट होतात. तो विसरलात तर कुठलाही बॅकअप त्या उघडून देणार नाही.