काजव्यांचं झाड: एका संध्याकाळी एकच फ्रेम

मे संपता संपता वळवाच्या दोन-चार सरी पडल्या की भंडारदऱ्याच्या आसपास, घाटघर-उडदावण्याच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा काजव्यांनी लुकलुकू लागतात. जूनमध्ये पाऊस नीट लागला की खेळ आटोपतो. हाताशी जेमतेम दोन-तीन आठवडे, त्यात चंद्र नको. या दिवसांत संकष्टीला चंद्र रात्री दहा ते अकराच्या दरम्यान उगवतो, पुढे रोज साधारण पाऊण तास उशिरा. म्हणून संकष्टीनंतरच्या दुसऱ्या दिवसापासून अमावास्या उलटून दोन दिवस होईपर्यंतचा काळ धरा. शनिवार टाळा. गाड्यांच्या हेडलाइटपुढे कुठलाच कॅमेरा टिकत नाही.

निम्मं काम उजेडातच उरकायचं असतं. सहाच्या आत पोचा आणि रस्त्यापासून आत, मागे मोकळं आकाश असलेलं एक झाड निवडा. ट्रायपॉड खडकावर किंवा घट्ट जमिनीवर रोवा. गवत तुडवू नका, काजव्यांच्या अळ्या जमिनीवरच वाढतात. झाडाच्या बुंध्यावर फोकस करा, लेन्स मॅन्युअलवर टाका आणि फोकसची रिंग कागदी चिकटपट्टीने जखडून टाका. अंधारात रिंगला नुसता हात लागला तरी सगळे ठिपके फुगून भोपळ्याएवढे येतात, आणि ते कळतं घरी आल्यावर. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हातातला कंप सावरणारी सोय) बंद करा. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर नको, ४००० केल्व्हिनच्या आसपास पक्का करा.

सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी, आकाशात निळसर उजेड असतानाच, झाडाचे चार-पाच फोटो काढून ठेवा: अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २.८, आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, ते) ४००, शटर असं की फोटो जरा काळपटच येईल. शेवटच्या चित्रातलं झाड यातूनच येणार, काजवे नंतरच्या फोटोंमधून. यानंतर ट्रायपॉडला हात नाही.

पुरता काळोख झाला की एफ २.८ किंवा १.८, आयएसओ १६००, शटर २० सेकंद. इथे बरेच जण फसतात. काजवा क्षणभरच चमकतो, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवून ठिपका उजळत नाही. ठिपके फक्त संख्येने वाढतात आणि मागचं आकाश पांढुरकं होत जातं. ठिपका फिका वाटला तर अ‍ॅपर्चर उघडा किंवा आयएसओ वाढवा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंदच हवं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढेच २० सेकंद अडून बसतो. इंटरव्हल टायमर (ठरावीक अंतराने आपोआप एकामागून एक फोटो काढणारी सोय) लावताना कॅमेऱ्याचं मॅन्युअल बघा: काही कॅमेरे अंतर एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत मोजतात. तिथे १ नव्हे, २० सेकंदांचा फोटो धरून २२ सेकंद भरायचे.

मग लांब बसा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद, फ्लॅश बंद, मोबाइल खिशात. दर दहा मिनिटांनी लेन्सच्या काचेवर तिरका, अगदी मंद लाल प्रकाश टाकून दव धरलंय का बघा, तेही दोन फोटोंच्या मधल्या वेळात जमणार नाही म्हणून एक फ्रेम वाया घालवूनच. काच पुसताना ट्रायपॉड हलतो, म्हणून कोरडं मऊ कापड नुसतं टेकवायचं, घासायचं नाही. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प हमखास धरतं. बॅग अर्धा तास आधीच बाहेर काढून बंदच ठेवा.

मोबाइलवर नाइट मोड नको. तो अनेक फ्रेम मिसळून नितळ फोटो करतो आणि त्यात क्षणिक ठिपके पुसले जाऊ शकतात. प्रो मोड (सेटिंग हाताने ठरवायचा) आणि छोटा ट्रायपॉड, अ‍ॅपर्चर सोडून बाकी सगळं वरीलप्रमाणे.

घरी आल्यावर निळ्या वेळेचा फोटो खाली, त्यावर काजव्यांच्या फ्रेम ‘लाइटन’ मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक जागी जो ठिपका जास्त उजळ तोच राहतो. गिंप किंवा स्टारस्टॅक्स या फुकट प्रोग्रॅममध्ये हे होतं. हेडलाइट शिरलेली फ्रेम वगळा, किंवा तेवढा भाग काळ्या ब्रशने झाका. शंभर फ्रेम हाताशी असल्या तरी पंधरा-वीसवर थांबा. सगळ्या चढवल्या की झाडाचं झाड जातं आणि गणपतीच्या मांडवाची लायटिंग उरते.