जिनसेंग विकताना भाव पाडून घेऊ नका

अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरात जंगली जिनसेंग ही औषधी मुळी खणणाऱ्यांचं नुकसान बहुतेक वेळा व्यापाऱ्याच्या वजनकाट्यापाशी नाही, त्याआधीच झालेलं असतं. मुळीची मान, म्हणजे खोडाला जोडलेला वरचा बारीक भाग, तुटली की भाव पडला म्हणून समजा. त्या मानेवर दर वर्षाच्या खोडाचा एकेक वण असतो. त्यावरूनच वय मोजतात, आणि हाँगकाँगचा ग्राहक मुळीच्या वयाला आणि रूपाला पैसे देतो. माती पाण्याच्या हलक्या धारेखाली काढा. ब्रशने घासून पांढरीफटक केलेली मुळी शेतातल्या मालासारखी दिसते, आणि शेतातल्या मालाला जंगली मुळीच्या तुलनेत किरकोळ भाव मिळतो.

ओली विकायची की सुकी, हा निव्वळ हिशेब आहे. साधारण तीन ते साडेतीन पौंड ओल्या मुळ्यांची एक पौंड सुकी होते. समजा, पौंडामागे ओलीला 180 डॉलर आणि सुकीला 500 सांगितले, तर ओलीच विकून मोकळे व्हा. सुकवायचीच तर जाळीवर, सावलीत, हवेशीर जागी. चुलीजवळ घाई केली की आतून तपकिरी पडते.

घरूनच वजन करून निघा, परवानाधारक दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारा. पहिल्याच दुकानात ‘आजच द्या, उद्या भाव उतरेल’ ऐकलं तर खुशाल पुढे चला. वेस्ट व्हर्जिनियात मात्र न विकलेला माल 31 मार्चपर्यंत वनविभागाकडे तोलून पावती घ्यावी लागते. ती हातात असली की भाव चढेपर्यंत थांबता येतं.