घरात कोंबडीची पिल्लं वाढवताना वास कसा रोखाल

वासाचं मूळ विष्ठेपेक्षा ओलाव्यात असतं. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि ब्रूडरमधली (पिल्लांना उबेत ठेवायच्या खोक्यातली) ऊब त्याला आणखी जोर देते. म्हणून पहिलं लक्ष पाण्याच्या भांड्याकडे द्या. ते विटेवर किंवा जाळीच्या चौकटीवर ठेवा, कड पिल्लांच्या पाठीइतकी उंच हवी आणि पिल्लं वाढतील तशी उंची वाढवा. निपल ड्रिंकर (चोचीनं दाबल्यावर थेंब थेंब पाणी देणारी तोटी) असेल तर सांडलवंड फारच कमी होते.

खाली भाताचं तूस किंवा रंध्याचा भुसा ५ ते ७ सेंटिमीटर जाड पसरा. बारीक लाकडी भुसा नको, पिल्लं तो खातात. नुसता वर्तमानपत्राचा कागदही नको, ओल फारशी शोषत नाही आणि पाय घसरून फाकतात. ओला भाग रोज काढा, बाकीचं तूस हलवा. मुठीत दाबून सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर बदलायची वेळ झाली.

झाकण जाळीचं ठेवा, पण वाऱ्याचा थेट झोत पिल्लांवर नको. नाक पिल्लांच्या उंचीवर नेऊन हुंगा: तिथे झोंबलं तर त्यांचे डोळे आणि श्वासनलिका आधीच त्रासात आहेत. फिनेल किंवा सुगंधी फवारे मुळीच मारू नका. चार आठवड्यांनंतर प्रत्येकी साधारण एक चौरस फूट जागा द्या, दाटीत कुठलंच तूस कोरडं राहत नाही.